वाकळीचं कापड बोचक्यात कुजू देऊ नका. दोन खोल्यांच्या घरातही लावता येते शिवणाची जागा

तलवाडा (ता. गेवराई), वार्ताहर :

ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या मागं-पुढं गावात परत येतात. घराचं कुलूप निघतं, झाडलोट होते आणि मग माळ्यावरची, बाजेखालची बोचकी खाली येतात. जुनी लुगडी, पातळं, सदरे, धोतरं, लेकरांचे आखूड झालेले कपडे. चैत्र-वैशाखात रानात काम कमी असतं, ऊन कडक असतं. म्हणून आपल्याकडं वाकळा शिवायचा हंगाम हाच. मिरगाच्या आत वाकळ उरकली पाहिजे, असं घरोघरच्या म्हाताऱ्या सांगतात ते उगाच नाही. एकदा पेरणी सुरू झाली की सुई हातात धरायला कोणाला वेळ नसतो.

पण बोचकं सोडलं की निम्म्या घरांत एकच रड ऐकू येते. कापड कुजलं, उंदरानं कुरतडलं, कसर लागली, नाहीतर हवं ते सापडतच नाही. वाकळ शिवायला जेवढे दिवस लागत नाहीत तेवढे कापड हुडकण्यात आणि निवडण्यात जातात. म्हणून हा लेख. वाकळ कशी शिवायची हे आमच्या माय-माउल्यांना मी सांगायची गरज नाही. कापड कसं साठवायचं आणि शिवायची जागा कशी लावायची, एवढंच सांगतो.

आधी माझीच चूक सांगतो

मागं एका दुपारी दारात भांडेवाली आली. घरात मी एकटाच. तिनं जुनं कापड मागितलं, मी माळ्यावरून एक बोचकं काढून दिलं आणि त्याच्यावर एक स्टीलचं पातेलं घेतलं. मला वाटलं, घरातली अडगळ गेली. बायको रानातून आली आणि बोचकं कुठंय म्हणून विचारलं. त्या बोचक्यात माझ्या आईची दोन सुती नऊवारी होती. आई गेल्यावर ती जपून ठेवलेली, लेकीच्या पहिल्या बाळाच्या दुपट्यासाठी. भांडेवालीची काहीच चूक नव्हती, मी दिलं ते तिनं घेतलं. दोन दिवस हुडकली, पण सापडली नाही. पातेलं अजून घरात आहे. त्याच्यात कोणी दूध तापवत नाही.

तेव्हा कळलं की गाठोडं बाहेरून सगळं सारखंच दिसतं. आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ज्याला माहीत नाही तो ते टाकून देणार. घरातला कारभारी असला तरी देणार.

पहिलं काम : बोचकी एकदाच सोडा आणि चार ढीग करा

एक दिवस ठरवा. अंगणात तरट नाहीतर ताडपत्री अंथरा आणि घरातलं सगळं जुनं कापड एकाच वेळी बाहेर काढा. थोडं आज, थोडं उद्या असं केलं तर मेळ लागत नाही. मग चार ढीग करा.

पहिला ढीग आठवणीच्या कपड्यांचा. आईचं लुगडं, वडिलांचं धोतर, लग्नातलं पातळ. हे वेगळ्या पांढऱ्या फडक्यात बांधा आणि वर कापडी पट्टीवर पेनानं नाव लिहा. कोणाचं आणि कशासाठी ठेवलंय, दोन्ही लिहा.

दुसरा ढीग सुती कापडाचा. वाकळीचा खरा जीव हाच.

तिसरा ढीग टेरीकॉट, नायलॉन, सिंथेटिक साड्यांचा. आजकाल घरोघर हाच ढीग मोठा निघतो.

चौथा ढीग निरुपयोगी कापडाचा. हाताने ओढलं की टर्रकन फाटतं ते, तेल-ग्रीस लागलेलं, बुरशीचे काळे ठिपके पडलेलं. असं कापड वाकळीत घातलं तर वाकळ वर्षभरात आतून फाटते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. त्याची पुसणी करा.

सुती की सिंथेटिक, कसं ओळखायचं?

हाताला कळत नसेल तर कडेचा एक दोरा काढा आणि चिमट्यात धरून काडीनं पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख पडते. सिंथेटिक दोरा आकसतो, वितळतो आणि त्याचा टणक काळा मणी होतो. दोरा दोन्हींच्या मिश्रणाचा असेल तर राखेत खडा लागतो. हे काम घराबाहेर करा, ढिगापासून लांब.

ही ओळख पटवणं महत्त्वाचं आहे, कारण सिंथेटिक कापड जळताना अंगाला चिकटतं. कारखान्यावर कोपीत चूल अंथरुणापासून चार हातांवर असते. तिथं नेण्याच्या वाकळीला वरचं आणि खालचं, दोन्ही कापड सुतीच लावा. सिंथेटिक साडी फेकू नका, ती मधल्या थराला चालते. पण ती घसरते, म्हणून तिला कच्चे टाके जास्त घाला आणि पक्के टाकेही जवळ-जवळ घ्या. बाळाच्या दुपट्यात मात्र सगळे थर सुतीच पाहिजेत. सिंथेटिक घाम पित नाही, लेकराला घामोळं येतं.

फवारणीचे कपडे वाकळीत नको म्हणजे नको

आपला तालुका कापसाचा. फवारणीला घरातले जुने सदरे, जुन्या पँटी वापरल्या जातात आणि हंगाम संपला की त्याच धुवून वाकळीच्या ढिगात येतात. हे बंद करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. औषध नाकातोंडातून जातं तसंच कातडीतूनही अंगात उतरतं. धुतलं तरी कापडातून ते पूर्ण जाईलच असं नाही. ज्या कपड्यावर औषध सांडलंय त्याच्यावर रात्रभर लेकरू झोपवायचं का, एवढाच विचार करा. फवारणीचे कपडे घराबाहेर वेगळ्या खुंटीला लावा, वेगळे धुवा आणि फाटले की खड्ड्यात पुरा. विहीर, नाल्यापासून लांब.

युरियाच्या आणि औषधाच्या रिकाम्या गोण्यांचंही तसंच. कापड भरायला त्या वापरू नका. खताचा अंश हवेतलं पाणी ओढतो, त्यानं कापड दमट होतं. धान्याची धुतलेली गोणी चालेल.

धुवा, वाळवा आणि मगच ठेवा

साठवायचं कापड खळ न घालता धुवा. कसर खळीवर, घामाच्या डागांवर आणि मळावर येते, म्हणून कडक इस्त्रीची खळ लावलेलं पातळ तसंच ठेवलं की ते आधी खाल्लं जातं. नवं सुती कापड वापरायचं असेल तर तेही आधी एकदा भिजवा. ते धुण्यात आटतं आणि मग जुन्या कापडाशेजारी चुण्या पडतात. लाल, गडद निळा असा रंग असेल तर ओला पांढरा बोळा त्याच्यावर घासून बघा. बोळ्याला रंग लागला तर ते कापड रंग जाणं थांबेपर्यंत वेगळं धुवा, नाहीतर पांढऱ्या चौकोनावर उतरेल.

कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. मात्र उन्हातनं काढलं की गरम गरम पेटीत कोंबू नका. सावलीत थोडं निवू द्या. गरम कापड पेटीत बंद केलं की आत दमटपणा धरतो.

मापाचा हिशोब एकदा समजून घ्या

कापड किती ठेवायचं हे ठरवायला माप माहीत पाहिजे. नाव पाचवारी असलं तरी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते आणि पन्हा एक मीटर दहा सेंटिमीटरच्या आसपास. तिच्या लांबीत तीन घड्या घातल्या की प्रत्येक घडी सहा फुटांची होते. म्हणजे एका साडीत साडेतीन फूट बाय सहा फुटांच्या एकेरी वाकळीचे तीन थर बसतात. दोन साड्यांत सहा थर. नऊवारी सव्वाआठ मीटरची, तिच्या चार घड्या पडतात आणि लांबी पावणेसात फूट मिळते. उंच माणसाच्या वाकळीला नऊवारी म्हणूनच बरी.

दुहेरी वाकळ करायची तर दोन साड्या पन्ह्याला पन्हा लावून जोडा, सात फूट बाय सहा फुटांचे तीन थर मिळतात. फार जाड करण्याचा मोह टाळा. भिजलेली जाड वाकळ दोघींनाही पिळवत नाही आणि पावसाळ्यात ती वाळतही नाही. एका जाड वाकळीपेक्षा दोन पातळ बऱ्या. थंडीत एकावर एक घेता येतात.

वरच्या चौकोनांचाही हिशोब आहे. सहा इंचाचे चौकोन लावले तर साडेतीन बाय सहा फुटांच्या वाकळीला आडवे सात आणि उभे बारा, असे ८४ चौकोन लागतात. तीन बाय तीन फुटांच्या दुपट्याला ३६. शिवणीत चारी बाजूंनी पाव-पाव इंच जातो, म्हणून वहीच्या पुठ्ठ्याचा साडेसहा इंचाचा चौकोन कापून घ्या आणि त्याच मापानं सगळं कापा. एका मोठ्या सदऱ्याच्या पाठीतून असे आठ-नऊ तुकडे सहज निघतात. ८४ तुकडे झाले की दोऱ्यानं जुडी बांधा. घरात किती वाकळींचं कापड तयार आहे, हे जुड्या मोजल्या की कळतं. गुंड्या, चेन, हुक कापण्याआधीच काढा आणि एका डब्यात टाका. लेकरांच्या सदऱ्याला उपयोगी पडतात.

ठेवायचं कुठं आणि कसं?

पत्र्याची पेटी सगळ्यात चांगली. उंदीर पत्रा कुरतडू शकत नाही. पेटी जमिनीवर टेकवू नका, दोन-दोन विटांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर पुढं घ्या. भिंतीला चिकटलेल्या पेटीखाली वाळवी चढते आणि पावसाळ्यात ओल धरते. पेटी नसेल तर बाजेखाली झाकणाचा पत्र्याचा डबा चालतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधलेलं कापड दमटतं, त्याला वास मारतो. सुती फडक्यात बांधा.

घड्या एकावर एक रचण्याऐवजी शाळेच्या वह्या दप्तरात ठेवतो तशा उभ्या ठेवा. पेटी उघडली की सगळे रंग एका नजरेत दिसतात, तळातलं काढायला वरचं उपसावं लागत नाही. गडद एका बाजूला, फिकं दुसऱ्या बाजूला. साड्या वेगळ्या, तुकड्यांच्या जुड्या वेगळ्या. झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा आणि काय-काय आहे ते लिहा. शाळेतल्या लेकराकडून लिहून घेतलं तरी चालतं.

वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा. पाला मोकळा टाकला तर डाग पडतात. दर पावसाळ्यानंतर पुरचुंडी बदला. डांबर गोळ्या बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्याच्या कापडात अजिबात ठेवू नका. काही बाळांना त्या वासानं रक्त कमी होण्याचा आणि काविळीचा त्रास होऊ शकतो. दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा पेटी रिकामी करून सगळ्याला ऊन द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी एक जास्तीचं काम करावं. त्वरितादेवीचं नवरात्र झालं, दसरा झाला की टोळ्या निघायची घाई होते. त्या घाईत उरलेलं कापड तसंच कोपऱ्यात पडतं आणि पाच-सहा महिने घर बंद. निघण्याआधी कापड पेटीत, पेटी विटांवर आणि घरात धान्याचा कण सांडलेला नको. उंदीर धान्याला येतो आणि राहायला कापडात जातो. आठवणीचं बोचकं घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या किंवा शेजारच्या घराच्या हवाली करा.

शिवायची जागा

आपल्याकडं शिवणाला वेगळी खोली कोणाकडं नाही. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाक, झोपणं, लेकरांचा अभ्यास आणि मशीन एकाच ठिकाणी. तरी चार हात जागा ठरवून ठेवली तर काम निम्म्यानं हलकं होतं.

मशीन दाराजवळ किंवा खिडकीजवळ असावी आणि उजेड डाव्या हाताकडून यावा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. जमीन उंच-सखल असेल तर पायांखाली शहाबादी फरशीचा तुकडा घालून मशीन समतल करा. डुगडुगणाऱ्या मशीनवर टाका वाकडा येतो आणि कंबर धरते. काम नसताना फडकं झाका. चुलीच्या धुराचा आणि पिठाचा थर मशीनीत बसतो. दर आठवड्याला बॉबिनखालचा धुरळा ब्रशनं काढा, मशीनचंच तेल दोन-दोन थेंब सोडा. खोबरेल तेल घालू नका, ते थिजतं आणि मशीन जाम होते.

साध्या कापडाला १४ नंबरची सुई चालते. चार-पाच थर असतील तर १६, आणि त्याहून जाड असेल तर १८ नंबर लावा. जाड कापडावर बारीक सुई मोडते आणि तिचा तुकडा डोळ्याकडं उडतो. हातशिलाईला दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्याचा वेळ वाचत नाही, गाठी पडून जास्त जातो. दोऱ्याला मेण लावलं तर तो तुटत नाही.

सुयांचा हिशोब ठेवा. एका डबीत दहा सुया असतील तर संध्याकाळी दहा भरल्या पाहिजेत. एक कमी असेल तर ती सापडेपर्यंत वाकळ अंथरू नका. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक वाकळीवरून फिरवला की हरवलेली सुई लागते.

थर अंथरताना सारवलेल्या नाहीतर फरशीच्या सपाट जागी तरट टाका, चारी कोपऱ्यांवर पाट, वरवंटा असं वजन ठेवा आणि मधून कडेला हात फिरवत चुण्या काढा. मग लांब-लांब कच्चे टाके घाला. पक्के टाके कडेनं सुरू करून गोल-गोल आत, मध्यापर्यंत. अर्धी वाकळ संध्याकाळी उचलायची वेळ येतेच, कारण तिथंच झोपायचं असतं. तिची घडी घालू नका, थर सरकतात. लाटण्यासारखी गुंडाळी करा, दोरीनं बांधा आणि वलणीवर आडवी ठेवा.

कामाचा दाम

शेजारची बाई वाकळ शिवून मागते तेव्हा पैसे सांगताना बायामाणसांची जीभ अडखळते. म्हणून लिहून ठेवा. समजा एका वाकळीला ६० तास लागले आणि रानातल्या आठ तासांच्या रोजाचा दर ३०० रुपये धरला. ६० तास म्हणजे साडेसात रोज, मजुरी झाली २,२५० रुपये. दोरा आणि कापड त्याच्यावर वेगळं. एवढे पैसे मिळतीलच असं नाही, पण आपण किती सोडतोय हे तरी कळलं पाहिजे. पेटीच्या कागदावरच तास मांडत जा.

ज्यांना शिवणाचाच धंदा करायचाय त्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत. गोधडी असा वेगळा व्यवसाय त्यात नाही, पण शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पुढं कमी व्याजाचं कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, म्हणून घरात आधी ठरवा आणि कागदपत्रांबाबत ग्रामपंचायतीत विचारा.

गोधडी ही गरिबीची खूण नाही

आता घरोघर बाजारातली मऊ ब्लँकेटं आली. पाहुणे आले की वाकळ लपवली जाते. त्या माउल्यांना एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं खेडं आहे. आपल्यासारखंच कापसाचं गाव, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांचं. तिथल्या बायांनी रानात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या बाईनं नवरा वारल्यावर त्याच्या रानातल्या कपड्यांचीच गोधडी केली, त्याची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. त्याच गावच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-कच्छकडची रल्ली, ही सगळी आपल्या वाकळीचीच भावंडं. आणि आपल्याकडं गाडगेबाबा तर चिंध्यांची गोधडीच अंगावर घेऊन गावोगाव फिरले, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत.

परदेशात गोधडी शिवणाऱ्या बाया दुकानातून नवं कापड आणून कपाटं भरून ठेवतात, मग ते लावायचं कसं याची त्यांना चिंता पडते. आपलं कापड घरच्या माणसांच्या अंगावरून उतरून येतं. ते गेलं तर दुकानात मिळत नाही. हे मी पातेलं घेऊन शिकलो.

यंदा लेकीच्या बाळाचं दुपटं झालं. आईचं लुगडं नव्हतं, म्हणून बायकोनं स्वतःचं जुनं सुती पातळ फाडलं आणि माझा एक सदरा घेतला. उरलेलं पेटीत ठेवलंय, वर पट्टी शिवलीय आणि पट्टीवर नाव लिहिलंय. तुमच्याही माळ्यावर एखादं बोचकं असेल. भांडेवाली दारात यायच्या आधी एकदा ते सोडून बघा.